गोलमागचा दिवा

हसायचं असेल तर मोकळेपणाने हसा, मला काही वाटत नाही. माझी बायको हसते, मुलगी हसते, आता तर तिची मुलंही हसतात. फक्त गोष्ट शेवटपर्यंत ऐका. अर्ध्यावर सोडलीत तर तुम्हाला वाटेल, हा माणूस नुसता वेंधळा होता. नुसता वेंधळा असतो तर बरं झालं असतं हो.

आम्ही तेव्हा इंग्लंडात बेसिंगस्टोकला राहायचो. नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी एका कंपनीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर, बायको नलिनी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, भूल देणारी. एकुलती एक मुलगी केतकी, तेरा वर्षांची, जन्म इथलाच. शेजारच्या गावात बर्फाचं रिंक, म्हणजे स्केटिंगचं मैदान होतं. तिथे शाळेच्या ट्रिपला म्हणून गेली आणि घरी येऊन म्हणाली, मला आइस हॉकी खेळायची आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांची टीम होती, तीत मुलीही चालायच्या. कोचने हिला विचारलं, उलटं स्केटिंग येतं का? नाही. पटकन थांबता येतं का? तेही नाही. मग तू गोलमध्ये उभी राहा, म्हणाला. अशी आमची केतकी गोलकीपर झाली.

मला विचाराल तर मी खूश होतो. लंडनला मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की मुलगी काय करते, तर मी छाती काढून सांगायचो, हॉकी खेळते, लीगमध्ये. आणि कोणी खोलात शिरलंच तर समजावूनही द्यायचो. अहो, आपलीच हॉकी, गवताच्या जागी बर्फ आणि चेंडूच्या जागी रबराची चकती, बाकी सगळं तेच. हे मी इतक्या ठामपणे सांगायचो, की काही दिवसांनी माझा मलाच विश्वास बसला.

आता त्या सीझनचं सांगतो. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत जवळजवळ दर रविवारी मॅच. कधी आपल्या रिंकवर, कधी दुसऱ्या कुठल्या गावात. नलिनीची शनिवार-रविवार ड्यूटी असायची, म्हणून ड्रायव्हर मी. गोलकीपरचं सामान म्हणजे काय असतं हे ज्याने उचललंय त्यालाच ठाऊक. एवढाली पॅडं, हेल्मेट, छातीवरचं चिलखत, आणि त्या सगळ्याला येणारा तो वास. जानेवारीच्या थंडीतही मी गाडीच्या काचा खाली करून चालवायचो.

एकदा सामान आत नेऊन दिलं की माझं काम संपलं. कारण रिंकमध्ये बसायचं म्हणजे फ्रीजमध्ये बसायचं, विचारा कोणालाही. पहिल्याच मॅचला पाच मिनिटं बसलो, पायांची बोटं कुठे गेली कळेना. मग मला वरच्या मजल्यावर कॅन्टीन सापडलं. खालचं रिंक दिसेल अशी मोठी काच, काचेखाली हीटर, हीटरला लागून एक खुर्ची. पुण्याहून बहीण दिवाळी अंक पाठवायची, ते बोटीने मजल दरमजल करत यायचे. एक अंक, एक चहा, की दुपार कशी जायची कळायचंही नाही. परत जाताना गाडीत विचारायचो, काय झालं? ती म्हणायची, जिंकलो. मी म्हणायचो, शाब्बास. कधी म्हणायची, हरलो. मी म्हणायचो, शाब्बास.

पोरगी मात्र तयार होत गेली. सुरुवातीला ढिगाने गोल जायचे, ख्रिसमसनंतर जाईनासे झाले. हे मला इतर पालकांकडून कळायचं. ते चहा घ्यायला वर यायचे आणि माझा हात हातात घेऊन म्हणायचे, युअर गर्ल इज ब्रिलियंट. मी म्हणायचो, थँक यू, थँक यू.

आणि बघताबघता टीम लीगमध्ये पहिल्या जागेसाठी भांडायला लागली. शेवटची मॅच आपल्याच रिंकवर, समोर आपल्याहून एकाच गुणाने मागे असलेली टीम. म्हणजे बरोबरीवर आपण चॅम्पियन होणार होतो. हरलो तर ते.

त्याच आठवड्यात शीलाचा फोन आला. शीला म्हणजे टीमची मॅनेजर, एका मुलाची आई, फार कामसू बाई. मी मागे एकदा कॅन्टीनची चहाची किटली दुरुस्त करून दिली होती, तेव्हापासून तिच्या लेखी मी मोठा माणूस. ती म्हणाली, डेरेक आजारी पडलाय, रविवारी तू गोलमागचा दिवा बघशील का?

डेरेक कोण ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं असणार कोणी तिथला इलेक्ट्रिशियन. दिवा बिघडलेला दिसतोय. त्यात मला न येण्यासारखं काय आहे? म्हटलं, आनंदाने.

रविवारी मी पेचकस, टेस्टर, दोन-तीन जातींचे बल्ब असं सगळं घेऊन गेलो. गोलच्या मागे, जाड काचेच्या पलीकडे एक खुर्ची होती, शेजारी एक बटण, आणि वर लाल दिवा. बघितलं तर बल्ब सैल होता. मी तो घट्ट बसवला आणि निघालो, तर शीला म्हणाली, छे छे, शेवटपर्यंत इथेच बसायचं हं. मी म्हटलं, बरोबर आहे, मध्येच बंद पडला तर?

तर अशा रीतीने मी त्या सीझनमध्ये पहिल्यांदा रिंकच्या कडेला मॅचभर बसलो.

मॅचचे तीन भाग असतात आणि दर भागाला बाजू बदलतात. पहिल्या भागात केतकी माझ्यासमोर होती, माझ्याकडे पाठ करून. मी आपला दिवा नीट आहे ना ते पाहत होतो. दुसऱ्या भागात समोरचा गोलकीपर माझ्या बाजूला आला आणि थोड्याच वेळात आपल्या पोरांनी त्याच्यावर गोल चढवला. लोक उठून उभे राहिले, आणि माझ्याकडे बघून लाइट, लाइट असं ओरडायला लागले. मी छताकडे पाहिलं. छतावरचे सगळे दिवे व्यवस्थित चालू होते. म्हटलं, या लोकांना झालंय काय? रेफरीने गोल स्वतः पाहिला होता, त्यामुळे त्याने तो दिला आणि खेळ पुढे सुरू झाला. मग त्यांनीही तिकडे एक गोल केला. एक-एक.

मधल्या सुट्टीत शीला आली, काळजीत. म्हणाली, दिवा लागलाच नाही, काही बिघाड आहे का? आता सांगा, इंजिनिअरला असं विचारल्यावर तो काय करील? मी म्हटलं, तू जा, मी बघतो. आणि तिसरा भाग सुरू झाला तरी मी बटणाचा डबा उघडून, खाली मान घालून बसलो होतो. वायर तपासली, बल्ब बदलला, डबा बंद केला. आता फक्त एकदा बटण दाबून पाहायचं बाकी होतं.

पण माणसाला तारतम्य असतं. पोरं खेळत असताना डोळ्यांसमोर लाल दिवा कशाला लावायचा? म्हणून मी थांबलो. केतकी आता पुन्हा माझ्या बाजूच्या गोलमध्ये होती. मॅच संपत आली होती आणि अजून बरोबरीच होती. एवढ्यात सगळी पोरं तिच्यावर येऊन आदळली. खाली केतकी, तिच्यावर दोन आपली, दोन त्यांची, काठ्या, पाय, काही कळेना. रेफरीची शिट्टी वाजली. मी म्हटलं, हं, आता खेळ थांबलाय, आता कोणाला त्रास नाही.

आणि बटण दाबलं.

दिवा काय सुंदर लागला म्हणून सांगू. लालबुंद. मला खरंच बरं वाटलं.

समोरच्या टीमची पोरं हात वर करून नाचायला लागली. रेफरी सरसर घसरत काचेपाशी आला. त्याने काचेवर टकटक केलं, दिव्याकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने विचारलं, "इन?"

मी म्हटलं, "येस. इन."

त्याने पुन्हा विचारलं, "पूर्ण आत? नक्की?"

आता बल्ब मी स्वतः बसवलेला. मी म्हटलं, "पूर्ण आत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

तो वळला आणि मैदानाच्या मध्याकडे हात करून गोल दिला.

त्या ढिगातून केतकी उठली. तिचा हातमोजा अजून बर्फावर दाबलेला होता. तिने तो हळूच उचलला, त्याखाली ती काळी चकती होती, गोलच्या रेषेबाहेर, चांगली वीतभर. पण तोवर रेफरीची पाठ फिरली होती. मग केतकीने मागे वळून काचेतून माझ्याकडे पाहिलं. हेल्मेटच्या जाळीतून फक्त डोळे दिसत होते. मला वाटलं, बाबाने दिवा दुरुस्त केला म्हणून बघतेय. मी तिला अंगठा दाखवला.

हो. अंगठा दाखवला.

खेळ लगेच सुरू झाला. शीला धावत आली आणि म्हणाली, बिचारी केतकी, इतकं छान खेळली आणि असा गोल जावा. मी म्हटलं, कुठला गोल? तिने दिव्याकडे बोट केलं. मग तिने मला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं, की चकती रेषा ओलांडून गोलमध्ये गेली तरच या खुर्चीत बसणाऱ्याने बटण दाबून हा दिवा लावायचा असतो. ऐकताना माझे पाय पुन्हा एकदा गार पडले, पण यावेळी बर्फाचा दोष नव्हता.

मी काच बडवली. रेफरीला हाका मारल्या. कोणी लक्ष देईना. लोकांना वाटलं, मुलगी हरतेय म्हणून बाप चिडलाय. भोंगा वाजला, मॅच संपली. मी त्या रेफरीला बाहेर गाठलं आणि सगळं सांगितलं. बल्बचंही सांगितलं. तो तरुण मुलगा होता, हसला नाही. म्हणाला, खेळ पुन्हा सुरू झाला की निर्णय बदलता येत नाही, आय ॲम सॉरी. कोचला सांगितलं, त्याने डोळे मिटून घेतले आणि थोड्या वेळाने माझा खांदा थोपटला. कपडे बदलायच्या खोलीतून पोरांच्या रडण्याचा आवाज येत होता. वर्षभर एवढाल्या काठ्या घेऊन एकमेकांना धडकणारी पोरं हो, हुंदके देऊन रडत होती.

केतकी रडत नव्हती. बॅग ओढत आली, गाडीत बसली.  मी मग म्हटलं, चुकलो गं मी. मला खरंच माहीत नव्हतं.

माझं ऐकून ऐकून केतकी स्वतःबद्दलही मुलग्यासारखं बोलायची. नलिनी सुधारून सुधारून दमली होती.

"पण बाबा, ती लाइट प्रत्येक मॅचला लागते," ती म्हणाली. "तुम्ही तर सगळा सीझन बघितला."

मी उगाचच गिअर बदलला.

"मी सेव्ह केला की वर बघायचो," ती म्हणाली. "काचेत तुमचा तो लाल टोपी दिसायचा. तुम्ही मान हलवायचे. म्हणजे, वेल डन. म्हणून मी नेक्स्ट पण थांबवायचो."

मी गाडी चालवत होतो हे एक बरं होतं. समोर बघायला कारण होतं. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण त्या दिवशी एकदा ठामपणे "हो" म्हणून झालं होतं, त्याचं काय झालं ते पाहिलंच होतं.

म्हटलं, "केतकी, ती डुलकी असायची."

"सगळ्या वेळी?"

"जवळजवळ."

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "ओके." त्यानंतर घर येईपर्यंत ती गप्प होती, आणि तेही मराठीत नव्हे, इंग्रजीत गप्प होती. ज्यांची मुलं इथे वाढलीत त्यांना फरक कळेल.

रात्री जेवताना नलिनीला सगळं सांगितलं. बल्बपाशी ती इतकी हसली की ठसका लागला. केतकीही हसली. मग नलिनीने विचारलं, अहो, पण इतके रविवार तुम्ही तिथे करत काय होतात? केतकी उठून ताटं गोळा करायला लागली.

त्या उन्हाळ्यात मी सुधारायचं ठरवलं. लायब्ररीतून पुस्तकं आणून खेळाचे नियम पाठ केले. जाड कोट घेतला, आत लोकर असलेले बूट घेतले. ऑफिसमध्ये एक कॅनडाचा माणूस होता, त्याचं डोकं खाऊन डावपेच शिकलो. सप्टेंबरचा पहिला रविवार आला. मी कोट-बूट चढवून, गाडीची किल्ली हातात घेऊन जिन्याखाली उभा राहिलो आणि हाक मारली.

केतकी नाइटड्रेसमध्येच वरून डोकावली. म्हणाली, "बाबा, मी तर संपवला. आता मोठ्यांची टीम, तिथे खूप मारतात. मी सांगितला होता ना, हा लास्ट सीझन."

"कधी सांगितलंस?"

"गाडीत. खूप वेळा. तुम्ही हो हो म्हणाले."

ती परत झोपायला गेली. नलिनी ड्यूटीवर होती. मी त्या कोटात थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग गाडी काढली आणि एकटाच गेलो. कॅन्टीनकडे बघितलंही नाही, सरळ खाली जाऊन बर्फाच्या कडेला बसलो आणि पूर्ण मॅच पाहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, टक्क डोळ्यांनी. एक सेकंद डुलकी लागली नाही.

कोणाची पोरं होती, देव जाणे.