रुमालाखालची मूठ

मामाजी भिवापुरी मिरची देठासकट चावायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायचे. त्यांच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. यायचं ते बघणाऱ्याच्या. मिरचीबाजारात लहानमोठे सगळे त्यांना मामाजीच म्हणत. माझे ते रक्ताचे कोणी नव्हते. भिवापूरहून पोत्यांवर बसून नागपुरात आलेल्या मला त्यांनी आपल्या अडतीच्या गादीवर जागा दिली, एवढंच नातं. पुढे जे घडलं त्याबद्दल बोलायला मला ते पुरतं. त्यांच्या घरच्यांना पटत नसेल तर न पटो.

त्या काळी आमच्याकडे सौदा तोंडानं होत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. हात सोडला की सौदा तुटला. समोरच्याची बोटं मुठीत आवळली की त्याचा अर्थ, थांब, अजून तुटला नाही. मी पहिल्यांदा भाव दिला तो इतका पडता की मामाजींनी आतल्या आत माझी करंगळी पिरगाळली. मी ओरडलो.

"बोंबलतं काहून बे? साऱ्या बाजाराले सांगतं का?" ते म्हणाले. मग हळूच, "तोंडाचं काही खरं नाई गा. मी बोटावर इस्वास ठेवतो."

त्यांचा थोरला विनायक कॉलेजात शिकलेला. रुमालाखालचा धंदा त्याला चोरटा वाटे. त्यानं त्यात हात कधी घातला नाही.

एका सकाळी मामाजी गादीवरच कलंडले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. जिभेवर एकच शब्द उरला, 'काहून', म्हणजे 'का'. पाणी हवं असलं तरी काहून, नको असलं तरी काहून. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विनायकला माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही. यांच्याशी रोज बोला. हातपाय हलवून घ्या. सुधारणा होईल, पण मेहनत करावी लागेल."

घरी आल्यावर विनायकनं मेहनतीचं नाव काढलं नाही.

"काही उपयोग नाई, भाऊ," तो मला म्हणाला. "खानदानी आहे हे. आजोबा शेवटी सोताचं नाव विसरले. मोठे काका घरचा रस्ता विसरले. आता बाबा."

हे तो बापाच्या खाटेशी उभा राहून बोलत होता. मामाजी ऐकत होते. त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते मोठमोठ्यानं "काहून! काहून!" करू लागले.

"पाहा, लागले बरळाले," विनायक म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी खाटेवर बसलो, खांद्यावरचा दुपट्टा काढला, मामाजींच्या चांगल्या हातावर टाकला, आत हात घातला आणि ओरडून म्हणालो, "मामाजी, भिवापूरचा माल आहे, एक नंबर!" आणि मुद्दाम मातीमोल भाव दिला.

करंगळी अशी पिरगाळली गेली की मी खाटेवरून उठलोच. मामी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "अवं माय, यायले सारं समजते!"

"सवय आहे ती बोटायची," विनायक म्हणाला. "डोक्याचं काही नाई त्यात."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तोही कमी पडला नाही. माझा डोळा त्यांच्या गादीवर आहे, पुन्हा उंबरा चढायचा नाही, असं त्यानं बजावलं. मी हात काढायला गेलो तर निघेना. दुपट्ट्याखाली मामाजींनी माझी बोटं मुठीत आवळली होती. मला ती मूठ सोडवून घ्यावी लागली.

त्यानंतर त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, त्यांच्याबद्दल बोलायचे, असं शेजाऱ्यांकडून कानावर यायचं. मामी एकट्या त्यांचा लुळा हात चोळत बसत, पण मामींचं त्या घरात ऐकतो कोण? दसऱ्याच्या आधी मामाजी गेले. मला तिरडीजवळ उभं राहू दिलं नाही.

मी डॉक्टर नाही. रक्तातून काही येत असेलही. पण मी जन्मभर घासाघीस केलेला माणूस आहे. समोरचा सांगतो तो पहिला भाव असतो, शेवटचा नव्हे. रक्तानं एक भाव सांगितला आणि या शिकलेल्या माणसानं, एकदाही हुज्जत न घालता, त्या भावात बाप देऊन टाकला. हा राग माझ्याबरोबरच जाईल.

यंदाच्या उन्हाळ्यात विनायकलाही लकवा झाला. त्याच्या बायकोनं निरोप धाडला, तुम्हालेच बोलावून राहिले म्हणून. जाणार नव्हतो. गेलो. तीच खोली, वाकडं झालेलं तोंड. मला पाहून त्यानं जड जिभेनं एक शब्द जुळवला, "खा...न...दानी."

"चूप बे!" मी म्हणालो. "हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाई."

मी त्याच्या हातावर दुपट्टा टाकला आणि एक बोट धरलं. तो नुसता बघत राहिला. त्याला कुठलं बोट काय सांगतं तेच ठाऊक नव्हतं. मग मी त्याची पाचही बोटं माझ्या मुठीत आवळली, चांगली दुखतील इतकी.

"याचा अर्थ पहिले शिक," मी म्हणालो. "याचा अर्थ, थांब."