मी व्हँकुव्हरला होते, असं म्हणतात

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत मला पहिल्यांदा फारच कमी मार्क पडले, तेव्हा आम्ही कॅनडात विंडसरला राहत होतो. बाबा निवृत्त सर्जन. निकालानंतरच्या रविवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी माझी चौकशी केली, तर बाबा म्हणाले, "झाली ना ॲडमिशन! व्हँकुव्हरला चाललीय." मी शेजारीच उभी होते.

परतताना गाडीत मी विचारलं, "बाबा, खोटं का सांगितलंत?"

"खोटं कसलं? पुन्हा परीक्षेला बस, मार्क आण, म्हणजे खरं होईल."

त्यानंतर वर्षभर मी बेसमेंटमध्ये अभ्यास केला. पाहुणे आले की आई खाली येऊन कुजबुजायची, "आवाज करू नकोस गं." वर बाबा माझ्या कॉलेजबद्दल, तिथल्या पावसाबद्दल रंगवून सांगत असायचे. मी केमिस्ट्रीची तीच तीच गणितं सोडवत बसायचे. वॉशरूम वरच्या मजल्यावर होती, त्यामुळे लोक जाईपर्यंत कळ काढायचे.

दुसऱ्यांदा मार्क खरंच चांगले आले. आईला रडू फुटलं. मी किचनर शहरातल्या मावशीला फोन लावायला घेतला, तर बाबांनी हात धरला.

"तिला काय सांगणार? तिच्या लेखी तुझं पहिलं वर्ष संपत आलंय."

मी फोन खाली ठेवला. पुढे ॲडमिशन मिळाली, डॉक्टर झाले. मावशी गेली, तिला ते मार्क कधीच कळले नाहीत. बाबांना मी अजून माफ केलेलं नाही.