केळीचं पांघरूण

मैत्रिणींनो, सकाळपासून जीव नुसता तळमळतोय.

देवपुरातल्या आमच्या परसात केळीला पहिलाच घड लागलाय. पांझरा नदीवरून असा बोचरा वारा येतो की कोवळी केळी काळी पडतात. म्हणून मी वाळकी पानं जमवून घडाला आणि बुंध्याला जाड पांघरूण बांधलं होतं.

आज उठून बघते तर घड उघडा! आणि माझे सासरे, आबा, मोरीपाशी बंबाजवळ शेकत बसलेले. या महायुद्धामुळे सरपण मिळत नाही, हे मलाही कळतं. पण तरी!

"आबा, केळीचा पाला कुठंय?"

"बठ्ठा बंबमा टाका," ते हसून म्हणाले. म्हणजे सगळा पाला बंबात जाळला! "तुले थंडी वाजस ना! जाय, पानी तपेल शे."

मी आंघोळीला बसले. पाणी छान कढत होतं. तेच मोरीतून वाफाळत केळीच्या आळ्यात गेलं. तिला ऊब मिळाली ती एवढीच.

आजही गारठा पडणार आणि परसात एकही वाळकं पान उरलेलं नाही. आबा मात्र मघापासून केळीच्या हिरव्या पानांकडे बघत मायेनं विचारतायत, ही कधी वाळतील?

सांगा बायांनो, काय सांगू त्यांना?