खाडीत भरलेली शिक्षण परिषद

मी हसले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आमच्या केंद्रातल्या सगळ्या प्राथमिक शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात. त्या बैठकीला शिक्षण परिषद म्हणतात. त्या महिन्याचा विषय होता ‘परिसरातून शिक्षण’. मोठ्या शाळेच्या सभागृहात आम्ही तीसेक जण बसलो होतो. पडद्यावरची चित्रं नीट दिसावीत म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, वर चादरी टांगल्या, आणि त्या काळोखात, पंख्याखाली घाम पुसत, आम्ही झाडाखाली बसलेल्या मुलांचे फोटो बघू लागलो. खिडकीच्या पलीकडे खरंखुरं वडाचं झाड होतं. त्याच्यावरचे साळुंक्यांचे आवाज चादरीतून आत येत होते, आणि आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी उठून सांगितलं, “जरा त्या पक्ष्यांना कोणीतरी हाकला, ऐकू येत नाहीये.”

मला हसू फुटलं. एकटीलाच. मोठ्याने.

साहेबांनी दिवा लावायला सांगितला. “मॅडम, पुढची परिषद तुमच्या शाळेत. परिसर तुमच्याकडे भरपूर आहे.”

परिसर होता हे खरं. पूर्णगडच्या खाडीच्या आतल्या अंगाला आमची दोनशिक्षकी शाळा. पायऱ्या उतरल्या की माडांची रांग, ती संपली की खाडी. पण मी मूळची सांगलीकडची. बदली होऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षं मी तिसरी-चौथीला समुद्र पुस्तकातून शिकवत होते. मुलं फळ्यावरच्या भरती-ओहोटीची व्याख्या पाठ करायची, सुटी झाली की ओहोटीत उतरून खेळायची. या दोन ओहोट्यांचा एकमेकींशी काही संबंध असावा, असं मला कधी सुचलं नव्हतं.

परिषदेची तयारी म्हणून मी आधी झाडांना पाट्या लावायच्या ठरवल्या. पुठ्ठ्याचे तुकडे कापले, मोबाइलवर पानांचे फोटो टाकून नावं शोधली, स्केचपेनने सुंदर अक्षरात लिहिली आणि सुतळीने बांधत सुटले. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी तांदूळ निवडत ते बघत होत्या. बऱ्याच वेळाने उठून आल्या.

“बाई, ह्यो ऐन नाय.”

“मोबाइलवर ऐन दाखवतंय, मावशी.”

“दाखवू दे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी फुटलेली असते. ह्यो किंजळ हाय. ऐन तो तिकडे.” मग जरा थांबून, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाल्या, “आंब्याची पाटी मात्र बरोबर हाय हो.”

अकरा पाट्यांतल्या सहा मी काढून घेतल्या. त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि सरळ विचारलं, “मावशी, तुमच्यावर सोपवलं तर या तीस गुरुजी-बाईंना तुम्ही काय दाखवाल?”

त्यांनी फारसा विचारही केला नाही. “मुळे काढायला नेईन.”

मुळे म्हणजे खाडीच्या वाळूत राहणाऱ्या शिंपल्या. मावशींच्या घरी चार-आठ दिवसांनी त्यांचं कालवण असतंच. “कधी हाय तुमची मिटिंग?” त्यांनी विचारलं. मी तारीख सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी बघितली. पंचमी. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्या आणि म्हणाल्या, “पाच पाऊण पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे पावणेदहाला पूर्ण सुकती. साडेआठला खाडीत पाय पाहिजेत. अकरा वाजले की काय मिळायचं नाय.”

सुकती म्हणजे ओहोटी. मी साहेबांना फोन केला. पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. “परिपत्रकात अकरा ते पाच आहे.”

“पण पाणी चढतं ना सर अकराला.”

“मग साडेदहा करू. त्याच्या अलीकडे मला अधिकार नाही.”

मी फोनवर हात ठेवून मावशींना विचारलं, “साडेदहा चालेल?”

“मला चालेल. पाण्याला तुम्ही कळवा.”

हे साहेबांनी ऐकलं. मला वाटलं आता रागावणार. पण ते म्हणाले, “ती वेळ त्यांनी कशावरून काढली?” मावशींना विचारून मी सांगितलं, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पलीकडे कागदावर पेन खरखरायला लागलं. साहेब वीस वर्षं गणित शिकवून केंद्रप्रमुख झालेले. आकडा दिसला की त्यांचं बाकीचं जग थांबतं हे मला त्या दिवशी कळलं.

“म्हणजे पाऊणकी!” ते एकदम ओरडले. “अहो, पाऊणकीचा पाढा! तो शाळेतून जाऊन किती वर्षं झाली! थांबा. तीस तिथ्या, चोवीस तास, म्हणजे रोज अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे. पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस. तीनच मिनिटांचा फरक! मॅडम, त्यांना फोन द्या.”

मावशी फोन घेईनात. साहेबांशी बोलायचं म्हणून त्यांनी पदर सावरला, हात पुसले, आणि तरी माझ्याकडेच बघत राहिल्या. शेवटी मी फोन त्यांच्या कानाला लावला. साहेब त्यांना एकेक तिथी विचारत गेले आणि मावशी भरतीची वेळ सांगत गेल्या. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. द्वादशीला नऊ. एकही चुकली नाही. दुसऱ्या दिवशी सर्व शाळांच्या ग्रुपवर शुद्धिपत्रक आलं: ‘ओहोटीच्या कारणास्तव परिषदेची वेळ सकाळी आठ वाजता करण्यात येत आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.’

मावशी मात्र घाबरल्या. चौथी शिकलेल्या बाईने शिक्षकांपुढे काय बोलायचं? आदल्या दिवसापर्यंत त्या एकच सांगत होत्या, “मला भाषण नाय येत. तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी बघा.”

“भाषण नकोच,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त रोजच्यासारख्या मुळे काढा.”

बुधवार होता, त्यामुळे मासळीला कोणाची आडकाठी नव्हती. आठला सगळे जमले. बायका परिषदेच्या साड्या नेसून आल्या होत्या, पुरुष पॉलिश केलेल्या बुटांत. पुण्याहून एका संस्थेच्या तज्ज्ञ ताई आल्या होत्या. वयाने माझ्याहून लहान, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत रंगीत कार्डांचे गठ्ठे. पहिला उपक्रम त्यांचा. सगळ्यांनी माडांखाली गोल करून डोळे मिटायचे आणि निसर्गाचे आवाज ऐकायचे. आम्ही मिटले. वारा, झावळ्या, कोणाचं तरी घड्याळ. तेवढ्यात मागून मावशींचा आवाज आला.

“बाई, डोळे उघडायला सांगा त्यांना. नाय तर सुकती जाईल.”

ताईंनी सर्वांच्या आधी डोळे उघडले आणि हसून कार्डं पिशवीत टाकली. मला त्या तेव्हाच आवडल्या.

खाडीच्या पात्रात उतरेपर्यंत मावशी माझ्या मागे मागे होत्या. ओल्या वाळूला पाय लागला आणि त्या निराळ्याच झाल्या. साडीचा काचा खोचला, हातातली टोपली एका बाईंकडे दिली आणि वाकून बोट दाखवलं. वाळूवर दोन बारीक भोकं होती, एकमेकांशेजारी, चष्म्यासारखी. “हा ह्याचा श्वास. इथं खाली हाय.” त्यांनी पाळीने, म्हणजे हातातल्या लहान लोखंडी पात्याने, एकदाच वाळू उचकली. चार बोटं खाली शिंपली होती.

तीस शिक्षक वाळूत वाकले. कोणाला भोकं दिसतच नव्हती, कोणाला सगळीकडेच दिसत होती. एक गुरुजी खेकड्याचं बीळ उकरत बसले आणि खेकड्याने त्यांना योग्य ते उत्तर दिलं. मावशी रांगेतून फिरत होत्या, अगदी वर्गात शिक्षक फिरतात तशा. एकीच्या पिशवीतून त्यांनी बोटाच्या पेराएवढ्या शिंपल्या बाहेर काढल्या. “ह्ये लहान हाय. पहिलीतलं. परत सोडा त्याला, अजून शिकायचं हाय त्याचं.” साहेबांच्या मुठीतल्या शिंपल्या एकमेकींवर वाजवून कान लावला. “साहेब, ही मेलेली. आत चिखल भरलाय. एक गेली तरी सगळा टोप खराब.” साहेबांनी दुसरी दिली. तीही चिखलाची. तिसरीही.

“नापास,” साहेब स्वतःच म्हणाले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुन्हा वाकले.

मी तोपर्यंत महत्त्वाच्या कामात होते. परिषदेचे फोटो वेळच्या वेळी वर पाठवावे लागतात, त्यात सगळे चेहरे दिसावे लागतात. सगळे एका चौकटीत बसावेत म्हणून मी मोबाइल धरून मागे मागे सरकत गेले, आणि वाळू संपून चिखल लागला हे मला पाऊल आत गेल्यावर समजलं. उजवा पाय घोट्यापर्यंत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला, तर डावा पोटरीपर्यंत. मग पुन्हा उजवा. थोडक्यात, मी मन लावून स्वतःला पेरत होते.

“हलू नकोस!” मावशी धावत आल्या. “ओढू नको पाय. बस खाली!”

“बस? मावशी, साडी…”

“बस गो!”

सहा वर्षांत त्यांनी मला ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ शिवाय हाक मारली नव्हती. त्या ‘गो’पुढे साडीचं काही चाललं नाही. मी नव्या इरकलीसकट, तीस सहकाऱ्यांसमोर, चिखलात बसले. मावशी म्हणाल्या, “आता मागे रेल आणि पाय हळूहळू गोल फिरव.” पाय फिरवला. चिखलाने लाडाने सोडावा तसा तो सुटला. चप्पल त्याने ठेवून घेतली. मावशींनी मला हाताला धरून उठवलं, आणि मी काय बोलले असेन तर, “फोटो राहिला हो.”

तो राहिला नव्हता. माझा फोटो कोणीतरी काढला होता. ग्रुपवर तो माझ्या आधी पोचला. त्या परिषदेचा तोच एक फोटो आजही केंद्रात सगळ्यांना आठवतो.

घट्ट वाळूवर येऊन मी एका डबक्यात पाय धूत होते तेव्हा पुण्याच्या ताई मावशींशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. कार्डं नाहीत, वही नाही. त्यांनी विचारलं, “मावशी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“शिकवलं असं कोणी नाय. लग्न होऊन आले तेव्हा सासूच्या मागून यायची. ती काय सांगायची नाय. ती पुढं, मी मागं. मी चुकीच्या जागी हात घातला की ती नुसती बघायची.” मावशी हसल्या. “मग मला कळायचं.”

“आणि ओरडायच्या नाहीत?”

“ओरडली असती तर मी तिच्या तोंडाकडे बघितलं असतं. वाळूकडे कोण बघणार?”

मी पाय धुवायचं थांबवलं. वर्गात मी दिवसाला किती वेळा ओरडते, ते मनात मोजायला लागले आणि दुपारच्या सुटीपर्यंत पोचून सोडून दिलं.

एवढ्यात मावशी उभ्या राहिल्या. “पाणी फिरलं. चला सगळे.” आम्हा कोणालाच काही फरक दिसत नव्हता. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि आनंदाने हात वर केला, “दहाला पाच कमी!” पंधरा मिनिटांत आम्ही उभे होतो तिथे पाण्याची पातळ साय आली. काठावर उभं राहून आम्ही आमच्या पावलांचे ठसे एकेक करून जाताना बघत होतो. कोणी काही उपक्रम सुचवला नाही.

घोटाळा झाला तो नंतर. मावशी सकाळपासून खाडीत, म्हणजे स्वयंपाक कोणी करायचा? साहेबांनी व्हरांड्यात खुर्ची मांडली आणि मावशींना तिथे बसवलं. त्या अगदी कडेवर टेकल्या, उठून पळायच्या तयारीने. मग स्वयंपाकघरात शिरलेल्या शिक्षकांकडून पहिला प्रश्न आला, “मावशी, मुळे किती वेळ पाण्यात ठेवायचे?” आणि त्या खुर्चीत मागे सरकल्या. वाळू ओकू दे. कांदा बारीक नको. खोबरं भाजून वाटा, कोकम शेवटी. मुळ्यांची एकशिपी, म्हणजे एका बाजूच्या शिंपलीसकट केलेलं कालवण, घाटावरच्या, देशावरच्या, कोकणातल्या अशा पाच जणांनी मिळून केलं आणि त्यात मीठ दोघांनी घातलं. मावशींनी पहिला घास घेतला. आम्ही निकालाची वाट बघावी तशी वाट बघितली.

“खातील पोरं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या भाषेत हा पहिला वर्ग.

संध्याकाळी अहवाल भरताना ‘तज्ज्ञ मार्गदर्शकाची शैक्षणिक पात्रता’ या रकान्यापाशी साहेब अडले. पेन दोनदा टेकवून उचललं. मग ‘इयत्ता चौथी, पाऊणकीसह’ असं लिहून खाली सही ठोकली. वरून त्यावर काही विचारणा आली नाही. बहुधा कोणी वाचलं नसावं.

बातमी मात्र पसरली. महिन्याभराने बुरोंडीकडच्या एका शिक्षकांचा मला फोन आला. त्यांच्याकडेही अशीच परिषद घ्यायची होती, गाडी पाठवतो, मावशींना घेऊन या. मी आनंदाने स्वयंपाकघरात गेले. मावशी डाळ घोटत होत्या. त्यांनी डाव थांबवलाही नाही.

“मी नाय येणार.”

“अहो, मान आहे तुमचा.”

“तिथली खाडी माझी नाय, बाई. तिथं वाळू कुठं संपते, चिखल कुठं लागतो, मला काय ठाऊक? तुमच्यासारखी बसेन मी तिथं.” त्या खुदकन हसल्या. “तिथं कोणीतरी असेलच की. तिला विचारा म्हणावं.”

मी तसं कळवलं. शिक्षक जरा नाराज झाले. आठवड्याने त्यांचा पुन्हा फोन आला. त्यांच्या शाळेमागेच एक म्हातारे तांडेल निघाले होते, आयुष्यभर होडी चालवलेले. ढग बघून वाऱ्याची दिशा सांगतात म्हणे.

“मग छान झालं की,” मी म्हटलं.

“छान कसलं मॅडम! सकाळी आठपासून चाळीस शिक्षक पुळणीवर वाळूत बसलेत आणि आजोबा म्हणतात, आज वारा सांगण्यासारखा नाही, उद्या या.”