नावेत कडी कुठून आली?

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबुज म्हणत. तिला नाव होतं, चांगलं घसघशीत नाव होतं, पण ते आता कंपनीच्या व्यवस्थापकालाही डोकं खाजवून आठवावं लागे. विंगेत पडद्याच्या दोरांशेजारी एक बुटकं स्टूल, मांडीवर नाटकाची संहिता, हातात लाल कागद गुंडाळलेली बॅटरी, एवढं तिचं साम्राज्य. रंगमंचावर कुणी अडखळलं की ती पुढचा शब्द असा अलगद सोडायची की नटाला वाटावं, आपल्यालाच आठवला. टाळ्या त्याला. ती मान खाली घालून पान उलटायची.

"कुजबुज, तू सोडून गेलीस तर आमची दातखीळ बसेल हं," मुख्य नट पावडर फासता फासता म्हणायचा.

"पाठांतर करा, मग नाही बसणार."

"आता या वयात पाठांतर?"

"या वयात मी विद्यापीठात जायचं म्हणतेय, तुम्हाला दोन पानं जड झाली?"

हे ती थट्टेत म्हणाली, पण थट्टा नव्हती ती. चाळिशी उलटल्यावर तिला वाचा-उपचाराची पदवी घ्यायची होती. याला कारण बाबा.

बाबा म्हणजे तिचे वडील, याच कंपनीतले जुने नट. आवाज असा, की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस दचकून जागा व्हायचा. मग मेंदूतली एक शीर बंद पडली आणि सगळे शब्द विस्कटले. समोरचं सारं समजायचं, बोलायला मात्र काही सापडायचं नाही. चमचा हवा असला की चमच्याकडे बोट दाखवून "ते... ते हे..." म्हणत टेबलावर मूठ आपटायचे. कुजबुज धावायचीच. "चमचा, बाबा, चमचा!" सवयच तशी. अडलेल्या माणसाला शब्द द्यायचा, यावरच तर तिचं घर चालत होतं.

आठवड्यातून एकदा वाचा-उपचाराच्या बाई घरी येत. वयानं लहानशा, पण नजर तयार. एकदा त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही फार मायाळू आहात. आणि फार घाईच्या."

"घाईच्या? मी?"

"शब्द त्यांच्या ओठांपर्यंत येतो, पण तुम्ही आधीच तिथं पोचलेल्या असता. जरा थांबून बघा."

कुजबुजचा पारा चढला. जन्मभर शब्द वेळेवर पोचवले आणि ही कालची मुलगी मला वेळ शिकवते! दिवसभर तिनं भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, बघू तरी म्हणून, जीभ दातांखाली धरून बसली. बाबा चमच्याकडे बघताहेत, ओठ हलताहेत, दूध उतू जातंय, ती उठत नाही. आणि बाबा म्हणाले, "चमचा." असे खूश झाले, की चमचा हातात घ्यायचाच विसरले.

करपलेलं पातेलं घासता घासताच तिनं ठरवलं, हे आपल्याला शिकायचंय.

*

अर्ज ऑनलाइन होता. मार्क, दाखले, कामाचा अनुभव, सगळं भरून झालं. राहिलं होतं ते निवेदन, म्हणजे मी कोण, मला हे का शिकायचंय, ते दीड-दोन पानांत लिहायचं. खाली एक चौकोन होता: 'हे निवेदन पूर्णपणे माझ्या स्वतःच्या शब्दांत आहे.' तिथं खूण करायची, आणि उचललेली वाक्यं सापडली तर अर्ज रद्द.

"हे काय विचारणं झालं? माझ्याविषयी दुसरं कोण लिहिणार?" म्हणत तिनं एका बैठकीत निवेदन लिहून काढलं. वाक्यं कशी झरझर आली. मुलीनं ते टाइप करून पाठवलंसुद्धा. मुलगी कॉलेजात होती, घरात तिला मुंगी म्हणत. सतत कशाच्या तरी मागे पळत असे म्हणून. मुदत संपेपर्यंत निवेदन बदलायची सोय होती. मुदत रविवारी संध्याकाळपर्यंत होती.

रविवारी सकाळी मुंगीनं स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. "एकदा शेवटचं मोठ्यानं वाचते. चुका असतील तर कळतील. आजोबा, ऐका हं, तुमची लेक काय लिहिते ते."

बाबा टेबलाशी चहा घेत होते. मुंगी थाटात वाचू लागली. पहिला परिच्छेद झाला. दुसरा सुरू झाला. "'माणूस गप्प झाला म्हणजे रिकामा झाला असं नव्हे. तो दाराआड उभा असतो...'" आणि घोटभर चहा प्यायला ती थांबली.

"कुणीतरी कडी वाजवेल म्हणून वाट बघत."

तोच आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. बाबांचा.

"आजोबा बोलले! आई, आख्खं वाक्य बोलले!" मुंगी खुर्ची पाडून उठली. बाबा स्वतःच चक्रावून कपाकडे बघत होते, जणू तो बोलला. कुजबुजनं त्यांचा हात घट्ट धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वाहता वाहताच तिनं तो हात सोडला.

"आई? काय झालं?"

"मुंगे, पुढचं वाक्य त्यांना कसं कळलं?"

"कसं म्हणजे..." मुंगीनं लॅपटॉपकडे पाहिलं. तिथं शब्द न् शब्द तेच लिहिलं होतं. "तू वाचून दाखवलं होतंस?"

"नाही. हे त्यांचं वाक्य आहे. नावाड्याच्या नाटकातलं. हे रोज रंगमंचावर म्हणायचे आणि मी विंगेत बसून ऐकायचे." वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्याच होत्या, वर्षानुवर्षं घोकलेलं कधीकधी सबंधच्या सबंध बाहेर येतं. ते बाबांच्या तोंडून आलं, तसंच तिच्या हातूनही आलं होतं. तिला पत्ताही नव्हता.

तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. डोळे मिटून एकेक वाक्य पुटपुटायची आणि कान द्यायची, की कुणाचा आवाज येतो? 'मी हरलेले दिवस सोडून देते, उरलेल्यांना कामाला लावते.' यात राणीची भूमिका करणाऱ्या बाईंचा घोगरा आवाज आला. गेलं. 'ज्ञानाच्या उंबरठ्यावर मी अनवाणी उभी आहे.' हा तर दरबारातला विद्वान, नाकात बोलणारा. गेलं. आणखी दोन बाबांचीच निघाली.

"आई, तू अर्जात आख्खी कंपनी भरलीस की! पडदा पाडणारा तेवढा राहिला."

"दात काढू नकोस."

"अगं, पण कुणाला कळणारे? ही नाटकं छापलेली नाहीत. कुठल्याही यंत्राला सापडणार नाहीत."

"मला सापडली ना? मुंगे, मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सांभाळली. पण ज्याचं त्याला दिलं, एकही स्वतःजवळ ठेवलं नाही. आता शिकायला निघाले तर पहिल्याच दिवशी हात मारू?"

"मग काय करणार? संध्याकाळी बंद होतंय."

कुजबुजनं पायात चपला अडकवल्या. "आधी ज्याचं आहे त्याला विचारून येते, कुठलं कुठलं घेतलंय. तू बाबांजवळ बस. आणि चमचा मागितला तर लगेच देऊ नकोस."

*

कंपनीची बहुतेक नाटकं एकाच लेखकानं लिहिलेली. कुजबुज त्यांना काका म्हणे. काका तिसऱ्या मजल्यावर राहत, एका खोलीत पुस्तकं आणि दुसऱ्या खोलीत उरलेली पुस्तकं. दार उघडलं तेव्हा बनियनवर होते आणि मोजे दोन रंगांचे.

"कुजबुज! कोण मेलं?"

"कुणी नाही, काका. मी चोरी केलीय. तुमच्याकडे."

"बस बस. चोर स्वतःहून येतो म्हणजे नाटक चांगलं आहे."

तिनं सगळं सांगितलं. निवेदनाचा कागद पुढे केला. काका एकेका वाक्याखाली बोट फिरवत गेले. "राणीचं माझं. विद्वानाचं माझं, पण भिकार आहे, ते नको होतंस घ्यायला. हेही माझं. हेही." मग हसले. "घे, दिली बक्षीस. चिठ्ठी लिहून देऊ? लेखकाची परवानगी आहे म्हणून."

क्षणभर तिचं मन डळमळलं. घड्याळ भिंतीवर समोरच होतं. संध्याकाळ काही लांब नव्हती.

"नको काका. त्यांनी परवानगी नाही विचारली. शब्द कुणाचे ते विचारलंय."

"अगं, शब्द काय कुणाच्या बापाचे असतात?"

"यातली तीन वाक्यं माझ्याच बापाची आहेत, म्हणून तर आलेय."

काका खो खो हसले, आणि हसता हसताच त्यांचं बोट थांबलं. कपाळावर आठी पडली. "थांब. हे कडीचं मी लिहिलेलं नाही."

"नावाड्याच्या नाटकातलंय. दुसरा अंक. बाबा रोज म्हणायचे."

"म्हणायचा ना! मला ठाऊक आहे. दर वेळी अंगाचा तिळपापड व्हायचा. अगं, सबंध नाटक नावेत घडतं! उघड्या नावेत! वर आभाळ, खाली पाणी. नावेला दार असतं का? कडी कुठून आली?"

कुजबुजनं कागद परत स्वतःकडे ओढला. इतके प्रयोग झाले, तिला कधी हे खटकलंच नव्हतं. काकांना प्रयोगागणिक वाक्यं बदलायची खोड. हेही त्यांनीच मध्ये घातलं असेल, असं ती धरून चालली होती.

"तुला खरंच आठवत नाही?" काकांचा आवाज उतरला. "नाटक नवं होतं. तुझी आई नुकतीच गेलेली. तुझा बाप प्रयोगापुरता बाहेर यायचा आणि घरी जाऊन खोलीत बसायचा. त्या दिवशी नावेत उभा राहिला, वल्हं हातात, आणि गप्प. मी पहिल्या रांगेत. म्हटलं, संपला प्रयोग."

"माझी बॅटरी गेली होती," ती हळूच म्हणाली. ते आठवत होतं. लाल उजेड विझला होता. पान दिसत नव्हतं. बाबा विंगेकडे बघत होते, आणि तिनं काहीतरी, जे तोंडाला आलं ते... पण काय, ते मात्र काळोखातच राहून गेलं होतं.

"मग हे दाराचं वाक्य. मी आत जाऊन ओरडलो, हा काय वाह्यातपणा! तर तुझा बाप म्हणतो, पोरीनं दिलं, मी घेतलं, आता ते जाणार नाही. आणि मला दम दिला, तिला सांगू नका, नाहीतर उद्यापासून नाटकं लिहायला बसेल."

"आणि मी कुठं होते?"

"तू विंगेत ओणवी होऊन बॅटरीचा घरंगळलेला सेल शोधत होतीस!"

ती हसली. त्या आठवड्यात रोज सकाळी ती बाबांच्या खोलीची कडी वाजवत उभी राहायची. हाक मारायचं धाडस नव्हतं, म्हणून नुसती कडी. तीच कडी तिनं नावेत नेऊन लावली होती.

"काका, मग हे माझं?"

"तुझंच. मला तर ते फुकटसुद्धा नको."

*

घरी येऊन तिनं पहिल्यापासून लिहायला घेतलं. या खेपेला काही झरझर आलं नाही. दोन शब्द यायचे, मग कुणी तरी नट मध्येच कानात गडगडायचा, ती खोडायची. मुंगी दर थोड्या वेळानं घड्याळाकडे आणि मग आईकडे बघायची.

"आई, एखादं सुंदर वाक्य तरी ठेव."

"सुंदर वाक्याचा आवाज ओळखीचा येतो. साधंच बरं."

साधं मग असं झालं:

'मी नाटकात विंगेत बसून दुसऱ्यांना शब्द देते. माझे वडील नट होते. आता चमचा म्हणायला त्यांना चहा निवेपर्यंत वेळ लागतो. सुरुवातीला मी तो शब्द लगेच देत असे आणि मला वाटे, मी मदत करते आहे. थांबणं हेही काम आहे, हे मला एका बाईंनी सांगितलं, तेव्हा मला राग आला होता. ते काम मला नीट शिकायचं आहे.'

कडीचं वाक्य तिनं ठेवलं, पण तसंच नाही. ती बंद खोली, ती विझलेली बॅटरी, ती नाव, आणि लेखकाला ते वाक्य अजून आवडत नाही हेसुद्धा, सगळं त्याच्यासोबत लिहिलं.

मुंगीनं टाइप केलं. कुजबुजनं बाबांसमोर खुर्ची ओढली आणि स्वतः वाचायला बसली. आधी कुजबुजतच. मग मुंगी म्हणाली, "आई, मोठ्यानं. इथं प्रयोग चालू नाहीये." तेव्हा मोठ्यानं. प्रत्येक वाक्याच्या मध्यावर ती जरा थांबायची, बाबांकडे बघायची. ते पुढचं बोलत नव्हते. त्यांना पुढचं ठाऊकच नव्हतं. मान पुढे काढून, नवं नाटक ऐकावं तसे ऐकत होते. कडीशी मात्र त्यांचे ओठ हलले, आणि ते लेकीकडे पाहून मिश्कील हसले. म्हणजे यांना सगळं आठवत होतं तर!

वाचून झालं. चौकोनात खूण केली. उजव्या हातात जोर नव्हता, म्हणून बाबांनी डावा हात उचलला, लॅपटॉपकडे बोट केलं. "ते... ते पा..."

पाणी? परत? पान? शब्दांची रांगच तिच्या जिभेवर तयार उभी राहिली. शेजारी मुंगीनं तोंड उघडलं. कुजबुजनं टेबलाखालून तिला चिमटा काढला. बाबांचे ओठ मिटले, उघडले. मूठ टेबलावर टेकली, पण आपटली नाही. घड्याळ आपलं चालू होतं. कुजबुजनं घड्याळाकडे पाहिलं नाही. ती बाबांच्या ओठांकडे बघत होती आणि गप्प बसली होती. इतकी गप्प ती विंगेतही कधी बसली नव्हती.

"पाठव," बाबा म्हणाले.

मग मात्र ती थांबली नाही. मुंगीच्या आधी तिचंच बोट बटणावर पोचलं.