वसुधाताईंचं चीज

वसुधाताई नमस्कार स्वीकारत नसत. समोरच्याचे जोडलेले हात सोडवून नाकाशी धरत. माझे धरले तेव्हा म्हणाल्या, "कांदा, पावडर आणि सुवासिक साबण. उद्यापासून तिन्ही बंद. नोकरी हवी असेल तर."

नोकरी हवीच होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, पोरगी चार वर्षांची. ताई शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कर्वेनगरच्या पुढे, नुकत्याच शहराच्या हद्दीत आलेल्या गावात त्यांची थोडी जमीन होती. तिच्यावर बिल्डरचा डोळा होता. त्याला त्यांनी दारातूनच सांगितलं होतं, "इथे गाई राहतील. त्यांना लिफ्ट लागत नाही." मग आठ गाई, पत्र्याचा गोठा आणि मागे चीज करायची पांढरी टाइल्स लावलेली खोली. गाईंकडे नामदेवकाका, खोलीत मी.

पहिली सहा वर्षं त्यांचं चीज कुणी तोंडात धरलं नाही, असं त्याच सांगत. मुरलेला तुकडा चाखून एक गिऱ्हाईक म्हणालं, "याला वास येतोय हो." ताई म्हणाल्या, "वास तुम्हाला येतोय. त्याला चव आहे." आणि बशी काढून घेतली. पुढे कॅम्पातली हॉटेलं रांगेत उभी राहिली, तरी त्यांचा स्वर बदलला नाही. मी केलेली चीजची पहिली सोळा चाकं त्यांनी माझ्याच हाताने खड्ड्यात पुरून घेतली. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "खड्ड्यात रड. टाइल्स पुसल्यात."

गाय व्यायली की गोठ्यात जाऊन फक्त एवढंच विचारत, "आपलं की पाहुणा?" कालवड असली तर आपलं. गोऱ्हा असला तर आठवड्याच्या आत टेम्पो येई. तोवर नामदेवकाका त्याला मांडीवर घेऊन चीक पाजत. ताई म्हणत, "लळा लावू नका, नामदेव. दूध माणसांसाठी आहे." टेम्पो कुठे जातो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही नाही.

एकदा तांबड्या गाईची कास सुजली. तिला इंजेक्शनं चालू होती. अशा गाईचं दूध चीजमध्ये गेलं की विरजण मरतं, म्हणून ते ओतून द्यायचं. नामदेवकाका त्या कॅनला लाल फडकं बांधून ठेवत. त्या सकाळी माझी पोरगी तापाने फणफणली होती आणि मला काम उरकून पळायचं होतं. मी फडकं सोडलं, ॲप्रनच्या खिशात कोंबलं आणि कॅन मोठ्या भांड्यात रिकामा केला. ते कशाचं फडकं आहे, हे भांड्यात शेवटचा थेंब पडल्यावर लक्षात आलं.

दुपार उलटली तरी दूध नीट धरेना. एका लग्नाच्या मेजवानीसाठी शब्द दिलेला होता. ताईंनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "कॅन कुणी आणला?"

"मी," मी म्हणाले. "पण त्याला फडकं नव्हतं."

नामदेवकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईंना म्हणाले, "बाई, म्या सोताच्या हातानं बांधलं हुतं."

"मग उडालं वाटतं," ताई म्हणाल्या. "अकरा वर्षांत एक गाठ मारता येत नाही? या आता आपण. उद्या येऊ नका."

काका गोठ्यात गेले, एकेका गाईच्या पाठीवरून हात फिरवला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि चालू लागले. फाटकापाशी एकदा थांबले. मी दाराआड होते.

त्यानंतर नऊ वर्षं मी ताईंच्या हाताखाली काढली. त्या अंथरुणाला लागल्यावर त्यांचं सगळं मीच करत होते. एके सकाळी पेज भरवताना म्हणाल्या, "ते लाल फडकं तुझ्या ॲप्रनच्या खिशात होतं. त्याच दिवशी मिळालं मला."

"मग काकांना का काढलंत?" मी विचारलं.

"गाई राखणारा मिळतो. तुझ्यासारखा हात मिळत नाही." त्यांनी ओठ पुसून घेतले. "शिवाय तू आता कुठे जाणार नाहीस, हे कळलं. दुसऱ्या चीज कारखान्याने बोलावलं तेव्हाही नाही गेलीस. पेज गार होतेय."

मी उरलेली पेज भरवली. दोन आठवड्यांनी त्या गेल्या. गोठा आणि खोली माझ्या नावावर केलेली होती.

दिवस झाल्यावर मी नामदेवकाकांना शोधत मार्केट यार्डात गेले. कांद्याच्या गाळ्यावर ते झाडलोट करत होते. पाठ पार वाकली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, फडकं, खिसा, पोरीचा ताप. शेवटी म्हणाले, "काका, गोठ्यावर परत चला."

त्यांनी झाडू थांबवला.

"तवा बोलली असतीस, तर तुझी भाकरी गेली असती. म्हून म्या गप ऱ्हायलो. पोर आजारी हाय, हे मला ठावं हुतं," ते म्हणाले. "पर दुसऱ्या दिवशी माझ्याकडं येशील, असं वाटलं हुतं. महिनाभर वाट बघितली."

मग त्यांनी मला पाय बाजूला घ्यायला सांगितले, कारण मी उभी होते तिथला कचरा राहिला होता.