अंगठ्यावरचा भंडारा

बिरोबाचं दर्शन घेऊन राहू गावाहून भांडगावला चालत परतताना निम्मी वाट सरली, तरी म्हस्कूमामांची कुरकुर थांबेना. हायवेवरच्या रिसॉर्टचा पोहायचा तलाव ते सांभाळत. पाणी हिरवं पडलं, पोरांचे डोळे आले. मॅनेजर म्हणाला, "तू पाणी तपासतच नाहीस. उद्या शेवटचा दिवस."

"रोज नळीत पाणी घेतो, औषधाचे थेंब टाकतो, अंगठ्यानं तोंड दाबून हलवतो. पिवळं झालं म्हंजी क्लोरीन हाय. रोज पिवळंच! मग पावडर कशाला टाकू? त्यो मॅनेजरच औषधाच्या बाटलीत कायतरी कालवतोय. माझ्या जागी मेव्हण्याला चिकटवायचंय त्याला."

सोबत चालणाऱ्या बालवाडीच्या सुषमाबाईंना मात्र मामांचाच संशय येत होता. बिरोबाची आण घालावी, असंही मनात आलं. तेवढ्यात मामांनी घाम पुसला. अंगठा भंडाऱ्यानं पिवळाधमक!

"मामा, रोज भंडारा लावूनच कामाला जाता?"

"मग? देवाबिगर कामाला हात लावू व्हय?" म्हणता म्हणता मामा अंगठ्याकडं बघत थबकले. "आगं बया! म्हंजी हळदीनंच पाणी पिवळं व्हत व्हतं?"

थोडं चालून ते हळूच म्हणाले, "माझं त्यो मॅनेजर ऐकायचा न्हाई. उद्या संगं या बाई. त्याच्यासमोर एक नळी मी ह्या अंगठ्यानं हलवतो, दुसरी तुमच्या धुतल्या हातानं हलवा."